श्वासातला ठोका

टाचणीच्या नाकावर राग असतो, असं तिच्या ओळखीतले सगळे म्हणतात. नाक ही तशी फार लहान जागा झाली. तिच्या रागाला अख्खं दुकान लागतं, आणि ते दुकान तिचंच आहे. मोटारींची सीटकव्हरं शिवायचं. गिऱ्हाईक गाडी घेऊन येतं, म्हणतं, दिसायला भारी हवं पण लवकर द्या. ती आधी त्याला झापते, मग त्याच्या सीटवर पडलेले डाग कशाकशाचे आहेत ते त्याच्या बायकोसमोर सांगते, आणि चार दिवसांनी असं कव्हर देते की गाडी भंगारात जाईल पण शिवण उसवणार नाही. म्हणून गिऱ्हाइकं शिव्या खाऊनही परत येतात.

टाचणी हे काही आईबापांनी ठेवलेलं नाव नव्हे. तिचं खरं नाव आता फक्त विजेच्या बिलावर उरलंय. चौदाव्या वर्षी ती मुलांच्या ड्रमपथकात गेली तेव्हा अंगानं काडी, मानेनं ताठ आणि जिभेनं टोकदार होती. पहिल्याच आठवड्यात पोरांनी नाव ठेवलं आणि ते चिकटलं ते चिकटलंच. आताची पोरं टाचणीमावशी म्हणतात. मागे काय म्हणतात ते तिला माहीत आहे, आणि त्यातली दोन नावं तिला आवडतातसुद्धा.

दर शनिवारी दुपारी ती दुकानाचं शटर ओढते, जाड सुया, आरी आणि मेणाचा दोरा पिशवीत टाकते आणि जुन्या अग्निशमन केंद्रामागच्या हॉलवर जाते. तिथं पथकाचा सराव चालतो. बाजूच्या खोलीत बसून ती पट्टे दुरुस्त करते, ड्रमच्या खोळी शिवते. कुणाच्या खांद्याचं हाड वर आलंय, कुणाला डावीकडे रुततं, हे तिला आईपेक्षा आधी कळतं. पट्ट्याखाली बरोबर त्या जागी ती स्पंजचा तुकडा घालून देते आणि वर ऐकवते की, ड्रम गळ्यात अडकवायचा असतो, ड्रमच्या गळ्यात आपण पडायचं नसतं. हे ती तीस वर्षं करत आली आहे. कुणी सांगितलं म्हणून नव्हे. पथकाशिवाय तिला करमत नाही, एवढंच.

शिवता शिवता पोरं तिच्याकडून एक गोष्ट काढून घेतात. पथकाला स्पर्धेचं शिल्ड मिळालं त्या वर्षाची. बारा छोटे ड्रम, चार मोठे, दोन झांजा. आणि पथकाचा तो प्रसिद्ध श्वास. ऐन वेगात, हात दिसेनासे झालेले असताना सगळ्यांनी एकदम थांबायचं. चार मोजेपर्यंत काठी हलायची नाही, पाय हलायचा नाही, पापणी हलली तर पथकाचे तेव्हाचे मास्तर सराव संपल्यावर मैदानाला दहा फेऱ्या मारायला लावत. मग पाचव्याला सगळ्यांनी एकत्र कोसळायचं. "आणि पाचव्याला आम्ही असे उतरलो," टाचणी म्हणायची, "की पंचांच्या टेबलावरची पेनं उडाली." सुरुवातीच्या वर्षांत एकच पेन उडायचं. मग तीन झाली. हल्ली पाण्याचा ग्लासही आडवा होतो. पोरांना हे ठाऊक आहे आणि ती ग्लासाची वाट बघतात.

गोष्ट खरी आहे. एवढंच खरं नाही की त्यात टाचणीनं वाजवलं.

पथकात एक रीत आहे, बाहेर कुणाला माहीत नसलेली. रांगेत एक जागा रिकामी दिसली की पंच गुण कापतात. म्हणून ज्या पोराचा हात चुकतो त्याला काढत नाहीत. त्याला मुका करतात. ड्रम गळ्यात, काठ्या हातात, पाय सगळ्यांबरोबर. फक्त काठी कातड्याच्या एक बोट वर थांबवायची. ड्रमवर आता प्लास्टिक असतं, पण शब्द कातडंच राहिलाय. लांबून बघणाऱ्याला बारा ड्रम वाजताना दिसतात. मुक्याला माहीत असतं, मास्तरांना माहीत असतं, शेजारच्याला कळतं आणि तो बोलत नाही. आपलेच दात आणि आपलेच ओठ.

शिल्डच्या वर्षी टाचणी मुकी होती. तिला श्वासात राहवायचं नाही. एक, दोन, आणि तिसऱ्याला हात खाली. मास्तर म्हणाले, हिला शांतता सोसत नाही. स्पर्धेच्या आठ दिवस आधी त्यांनी तिच्या काठीखाली स्वतःचं बोट धरलं आणि सांगितलं, इथवर. त्या दिवशी तिनं अख्खं वादन एक बोट वरून केलं, घाम खरा गाळला, आणि फाटकाबाहेर आली तर वडील लोकांना थांबवून थांबवून सांगत होते की, बारांत माझ्या पोरीचा ठोका वेगळा ऐकू आला. त्यानंतर सांगायचं कसं? ती मूग गिळून बसली. महिन्याभरात खांदा दुखतो म्हणून पथक सोडलं. सुटलं मात्र नाही.

या वर्षी स्पर्धेला पंधरा दिवस असताना भिंगरी पट्टा आखूड करायला आली. भिंगरी म्हणजे रांगेतली सगळ्यांत लहान पोर, बसल्या जागीही एक पाय हलत असलेली. टाचणीनं तिचा ड्रम मांडीवर घेतला आणि तिचा हात थांबला. वाजणाऱ्या ड्रमचं कातडं मधोमध काळवंडतं, चहाच्या बशीएवढा डाग पडतो. हे कातडं पांढरंस्वच्छ होतं.

तिनं विचारलं, नवं घातलं का? पोर नाही म्हणाली. मग? भिंगरीनं बुटांकडे बघितलं. हलणारा पाय थांबला होता.

"सरांनी सांगितलंय, एक बोट वर," ती म्हणाली. "मावशी, मला श्वासात राहवत नाही. तिसऱ्यालाच पडतो हात."

टाचणीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तिनं पट्टा आखूड केला, गाठ मारली, दोरा दातांनी तोडला आणि तशीच उठून हॉलमध्ये गेली. तिथं बोका होता. बोका म्हणजे आताचे सर. दिवसा पाण्याच्या मीटरची रीडिंग घेत दारोदार फिरतो आणि संध्याकाळी पथक शिकवतो. शिल्डच्या वर्षी तो रांगेत तिच्या उजव्या हाताला होता.

तिनं त्याला पोरांच्या देखत नव्हे, पण पोरांना ऐकू जाईल एवढ्या आवाजात विचारलं की, लाज वाटते का. बोक्यानं आधी दार लावलं. मग शांतपणे म्हणाला की, बाकीची पोरं वर्षभर राबलीत, एका ठोक्यासाठी त्यांची माती करू का? पोर रांगेत तर आहे ना, गणवेश तर आहे ना? हट्ट केलास तर पथकाचे बारा वाजतील. टाचणी म्हणाली, वाजलेच पाहिजेत, बारा ड्रम आहेत. तिला वाटलं, चांगलं हाणलं. तेव्हा बोका हळू आवाजात बोलला.

"तू मुकी होतीस. काय बिघडलं तुझं? तीस वर्षं पोरांसमोर पेनं उडवतेस. मी एकदा तरी तोंड उघडलं? झाकली मूठ सव्वा लाखाची, टाचणे. तुझीही आणि तिचीही."

तिला तोंडात मारल्यासारखं झालं. ती जास्तच संतापली. त्या आठवड्यात दुकानातल्या मशीनवर तीन सुया तुटल्या. बोक्याचा राग होताच. मास्तर वारले होते, तरी त्यांचाही आला. मेलेल्या माणसाशी भांडता येत नाही याचा वेगळा आला. आणि या सगळ्याच्या तळाशी वडिलांचा होता.

वडील दुकानातच असतात. दाराशी एक जुनी मोटारीची सीट ठेवली आहे, तिच्यावर. सहा वर्षांपूर्वी डोळे गेले. आयुष्यभर ते कापड गिरणीत मागांचे मिस्त्री होते. पन्नास मागांच्या खडखडाटात दारात उभे राहून सांगायचे की, सातव्याचा पट्टा सैल झालाय. अजूनही लेकीच्या मशीनचा आवाज ऐकून बॉबिन संपत आल्याचं तिच्या आधी त्यांना कळतं. त्या आठवड्यात त्यांनी विचारलं, सुई का मोडतेयस सारखी? ती म्हणाली, सुईच वाईट. ते गप्प बसले. ते गप्प बसले की तिला आणखी राग येतो. शिल्डच्या संध्याकाळी गप्प बसायला हवं होतं तेव्हा बसले नाहीत, आता बसतात.

शेवटच्या शनिवारी सरावानंतर सगळी पोरं जमिनीवर बसली. स्पर्धेआधीच्या शनिवारी टाचणीमावशीनं शिल्डची गोष्ट सांगायची, हा ठरलेला कार्यक्रम. बोका भिंतीला टेकून उभा होता. भिंगरी शेवटच्या ओळीत बसली होती आणि तिचा पाय हलत नव्हता. टाचणीनं बारा ड्रम सांगितले, श्वास सांगितला, चार मोजले. पोरं पेनांची वाट बघत पुढे सरकली.

"पेनं उडाली," टाचणी म्हणाली. "अकरा जणांनी उडवली. मी मुकी होते."

पुढचा एक मुलगा हसला, त्याला वाटलं गंमत आहे. मग त्यानं तिचा चेहरा बघितला.

ती पुढे म्हणाली की इतकी वर्षं मी तुम्हाला थापा मारल्या. त्या थापा मारताना दर वेळी लाज वाटायची, आणि ती झाकायला मी पेनांची संख्या वाढवत गेले. मास्तरांनी मला चुकू दिलं नाही, त्यामुळे मी चुकले असते की नसते हे मला आजवर माहीत नाही. मी एक्कावन्न वर्षांची आहे, आणि मला राग येतो. रोज येतो. मग ती बोक्याकडे वळली.

"यंदाचे सगळे पट्टे मी शिवलेत. मुका ड्रम माझ्या पट्ट्याला लटकायचा नाही. लटकवायचा असेल तर दोरीनं बांध."

शेवटच्या ओळीतून भिंगरीचा हात वर आला. "मी आहे यंदा," ती म्हणाली. मग मोठ्या ड्रमवाला धिप्पाड पोरगा, ज्याला सगळे घाबरतात, त्यानं बुटांकडे बघत हात वर केला आणि म्हणाला की, गेल्या वर्षी मी होतो. तिसरा हात झांजवालीचा होता. झांज मुकी कशी करतात हे टाचणीलाही माहीत नव्हतं.

बोक्यानं एकेक करत ते तीन हात बघितले. रांगेचा पुढारी मुलगा उठून म्हणाला, वाजवू दे तिला, सर, चुकली तर चुकली. बोक्यानं सांगितलं की शिल्ड गेलं तर माझ्यासमोर रडत यायचं नाही, आणि मीटरच्या चोपड्यांची पिशवी उचलून निघून गेला. दाराशी थांबून त्यानं भिंगरीला सांगितलं, तिसऱ्याला जीभ चावून धर. हे मास्तरांनी टाचणीला कधी सांगितलं नव्हतं.

स्पर्धा दुपारची, शाळेच्या मोठ्या मैदानावर. टाचणीनं वडिलांना हाताला धरून पायऱ्यांवर आणून बसवलं. घरी एकटे कुठे ठेवायचे, असं ती म्हणाली. खरं म्हणजे ते सकाळीच बूट घालून बसले होते. पथक आत आलं. पट्टे सरळ होते, ड्रम एका उंचीवर होते, ते तिनं आधी बघितलं. मग वादन सुरू झालं आणि तिनं स्वतःचे गुडघे घट्ट धरले. वेग चढला, आणखी चढला आणि श्वास आला. सगळं थांबलं. एक. दोन.

तिसऱ्याला ठक्क.

एकच ठोका. अख्ख्या मैदानावर तेवढाच. पायऱ्यांवर हसण्याची लाट गेली. पंचांच्या माना खाली झाल्या आणि पेनं चालू लागली. उडाली मात्र नाहीत. मग पाचव्याला सगळे एकत्र कोसळले. पुढच्या ओळीतला एक माणूस अजून हसत होता. टाचणीनं त्याच्या खांद्यावर बोट ठोकून सांगितलं की, तुमच्या सीटची शिवण उसवलीय, बघा. तो घाबरून पँट चाचपू लागला.

"हा कुणाचा?" वडिलांनी विचारलं.

"आमच्या भिंगरीचा."

"वेगळा ऐकू आला," ते म्हणाले.

छत्तीस वर्षं तेच वाक्य. टाचणी फिरली आणि म्हणाली, "बाबा, पुरे आता."

"हिचा आला," वडील म्हणाले. "तुझा नव्हता आला."

मैदानावर पथक वळण घेत होतं. टाचणीला क्षणभर ते दिसलं नाही. तिनं विचारलं की, तुम्हाला माहीत होतं? ते म्हणाले की, पन्नासांत एक माग बंद पडला तर कळायचा, बारांत एक ड्रम बंद असलेला कळणार नाही? अकराच वाजत होते.

"मग लोकांना का सांगत सुटलात?"

"तू रडवेली बाहेर आलीस. म्हटलं, तू सांगेपर्यंत आपण धरून ठेवू." त्यांनी काठी एका हातातून दुसऱ्या हातात घेतली. "तू सांगितलंच नाहीस."

"तुमच्यामुळे नाही सांगितलं," टाचणी म्हणाली. तिचा आवाज चिरकला आणि त्याचाही तिला राग आला. एवढी वर्षं एकाच घरात, एकाच दुकानात, दोघंही एक बोट वर हात धरून बसली होती. तिला वडिलांवर ओरडायचं होतं. पण त्यांनी तिच्या गुडघ्यावर हात ठेवून तिला गप्प केलं आणि मान एका बाजूला झुकवली, गिरणीच्या दारात उभे राहून झुकवायचे तशी. पथक वाजवत वाजवत फाटकातून बाहेर पडत होतं. ते ओठांत मोजत होते.

"बारा," वडील म्हणाले. "आज बाराच्या बारा वाजतायत."