प्रमिलाची चक्कर

हे मी आजवर आपल्यातल्या कोणालाही सांगितलेलं नाही. मित्रांना नाही, मुलीला नाही. देवळात हात जोडून उभा असतानाही नाही. तिथे तर लाजायला दुसरं कोणी नव्हतं, तरी ओठ हलले नाहीत. तुम्ही मला ओळखत नसाल तर बरंच आहे. आणि ओळखत असाल, तर — असू दे. आता थांबत नाही.

मी रत्नागिरीचा. मांडवीला घर. निवृत्त होईपर्यंत शाळेत खेळाचा शिक्षक होतो. गावात मला ‘सर’ म्हणतात, आणि त्या ‘सर’मध्ये थोडा दरारा असतो, थोडं कौतुक असतं. भाट्याच्या खाडीत बुडणाऱ्या एका पोराला मी उडी मारून काढलं होतं, तेव्हापासूनचं ते कौतुक. ती गोष्ट खरी आहे. पाण्याची मला कधीच भीती वाटली नाही. पण माणूस एकदा धाडसी ठरला की लोक त्याला सगळ्याच बाबतीत धाडसी धरून चालतात — आणि तो स्वतःही. नाही का?

प्रमिला माझी बायको. लांज्याच्या आत, सड्यावरच्या, म्हणजे उघड्या कातळपठारावरच्या एका वाडीतली. लहानपणी गवताचे भारे डोक्यावर घेऊन उतार उतरलेली. लग्नानंतर तिने घरीच काजूगर निवडून, भाजून विकायचा उद्योग सुरू केला. अंगाने जरा स्थूल, चाल संथ, तोंडावर हसू. आम्ही दोघं रस्त्याने चाललो की बघणारा मनात ठरवून टाकतो, या दोघांत दमणार कोण. मीही तेच ठरवलेलं होतं. लग्न झाल्यापासून.

सात-आठ वर्षांपूर्वी शाळेतल्या काही शिक्षकांनी हिमाचलात ट्रेकला जायचं काढलं. चौदा हजार फुटांच्या वरची खिंड, सोबत तिथलाच गाईड, घोड्यांवर तंबू. एक जोडपं ऐनवेळी गळलं म्हणून प्रमिला आली. बर्फ तिने टीव्हीवरच पाहिलेलं. निघताना मी चारचौघांत म्हटलं होतं, “हिला मधेच कुठे उचलून घ्यावी लागणार बहुतेक.” सगळे हसले. तीही हसली.

तिकडे गेल्यावर मात्र काही वेगळंच झालं. प्रमिला तिच्या त्या संथ चालीने चालत राहायची, आणि थांबायचीच नाही. आम्ही पुरुष धावल्यासारखे पुढे जायचो, मग धापा टाकत दगडावर बसायचो. ती मागून यायची, “बसा, बसा,” म्हणायची आणि पुढे निघून जायची. आमचा गाईड बलबीर, चाळिशीतला कमी बोलणारा माणूस, तिला दीदी म्हणायला लागला. मुक्कामाला पोचलं की ती दम खायच्या आधी चहाची चौकशी करायची. तिसऱ्या दिवशी तर सगळे वरच्या वळणावर कोणाची तरी वाट बघत थांबले होते. ती वाट माझी होती.

मला अभिमान वाटायला हवा होता. वाटला का? लोकांसमोर हसलो खरा. आत काहीतरी खुपत होतं. त्याला नाव दिलं नाही. आज देतो — मत्सर.

खिंडीच्या दिवशी आम्ही अंधार असतानाच निघालो. उजाडलं तेव्हा समोर बर्फाचा एक आडवा उतार होता. बलबीर पुढे जाऊन कुऱ्हाडीने पावलापुरत्या खाचा करत होता. बुटांना लोखंडी दात बांधलेले. डावीकडे बर्फाची भिंत, उजवीकडे... उजवीकडे काहीच नव्हतं. उतार घसरत खाली जात होता, आणि पार तळाशी एक काळी रेघ दिसत होती. ती नदी होती.

एकेक जण गेला. प्रमिला माझ्या पुढे होती. तीही चालायला लागली, तशीच, सड्यावरून पाणी आणायला निघाल्यासारखी. मी पहिलं पाऊल टाकलं. दुसरं टाकलं. मग माझे पाय माझे राहिले नाहीत.

कसं सांगू? गुडघे लटलट कापत होते. मी बर्फाला पाठ लावून खाली बसलो आणि मागे सरकलो. पुन्हा उठायचा प्रयत्न केला, पण नजर त्या काळ्या रेघेवर गेली की परत खाली बसायचो. प्रमिलाने वळून पाहिलं. ती अर्ध्यात पोचली होती. मग ती परत आली. त्या खाचांवरून, कोणाचा हात न धरता. माझ्यासमोर वाकून म्हणाली, “काय झालं वो?”

पलीकडून मंडळी हाका मारत होती. बलबीरही मागे आला. “सर, क्या हुआ?”

आणि मी म्हणालो — ऐका, हेच ते वाक्य — मी म्हणालो, “दीदी को चक्कर आ रहा है. मैं इन को लेके नीचे जाता हूँ.”

ती समोर उभी होती. ताठ. गाल थंडीने लाल, डोळे लख्ख. तिने माझ्याकडे पाहिलं. किती वेळ? क्षणभरच असेल. मग तिने कपाळाला हात लावला आणि बलबीरला म्हणाली, “हां भैया. चक्कर.”

बलबीरने माझ्या गुडघ्यांकडे पाहिलं, मग तिच्याकडे. सोबतच्या एका माणसाला आमच्याबरोबर देऊन तो बाकीच्यांना घेऊन वर गेला. उतरताना प्रमिला माझा हात धरून होती. लांबून बघणाऱ्याला वाटलं असेल, मीच तिला सांभाळतोय.

इथेच थांबलं असतं तर? घाबरणं हा काही गुन्हा नाही. घाबरून एकदा खोटं बोललो, तेही समजून घेणारी माणसं भेटली असती. पण मी थांबलो नाही.

मंडळी संध्याकाळी परत आली, खिंडीचे फोटो दाखवत. कोणीतरी माझी पाठ थोपटली. “सर, बायकोसाठी खिंड सोडलीत. मानलं तुम्हाला.” मी मान खाली घातली — नम्रतेने घालतात तशी. रत्नागिरीला येईपर्यंत गोष्ट वाढली. तिला उलटी झाली होती म्हणालो. डोळे फिरवले होते म्हणालो. शाळेच्या एका कार्यक्रमात तर मी मुलांना बोधच केला: शिखरापेक्षा माणूस मोठा असतो, बाळांनो. टाळ्या पडल्या. प्रमिला तिसऱ्या रांगेत बसली होती. तिनेही वाजवल्या.

मग ते घरोघर झालं. हळदीकुंकवाला, लग्नात, मासळी बाजारात. “काय वहिनी, जिना चढताय? चक्कर नाय ना येत?” ती हसायची. आमच्या घरात ‘प्रमिलाची चक्कर’ हा शब्दच रूढ झाला. नातवंडंसुद्धा तो वापरायची. ती मला एकदाही, एकांतातसुद्धा, काही बोलली नाही. मला वाटायचं, विसरली असेल. असं कोणी विसरतं का? पण मला तसं वाटून घेणं सोयीचं होतं.

याच्याही पुढचं सांगायचंय. हेच जास्त जड आहे.

प्रमिलाला परत जायचं होतं. दुसऱ्याच वर्षी तिने विषय काढला. आमची मुलगी मुग्धा पुण्याला डॉक्टर आहे. तिने फोनवरच झटकून टाकलं. “आई, तुला उंचीचा त्रास होतो. एकदा झालाय. पुन्हा होईल. जिवावर बेतेल.” आईच्या काळजीनेच बोलली ती, माझ्या शब्दावर विश्वास ठेवून. मी फोनच्या बाजूला बसलो होतो. एक वाक्य पुरलं असतं. मी वर्तमानपत्राचं पान उलटलं.

त्याच्या पुढच्या वर्षी तिने पुन्हा विचारलं. पुन्हा तेच उत्तर. मग तिने विचारणं सोडलं. एका बाईला आयुष्यात एक गोष्ट स्वतःसाठी हवी होती, आणि मी माझ्या अब्रूसाठी ती दाबून धरली. वर्षानुवर्षं.

दोन वर्षांपूर्वी पाऊस सरल्यावर, एका सकाळी काजूच्या पिशव्यांना सील मारता मारता ती म्हणाली, “मी जाणारंय. खिंडीत. तुम्ही आलात तर या, नाय तर नका येऊ.” आवाज चढवला नाही. पिशवी बाजूला ठेवून दुसरी घेतली.

ती खरंच तयारीला लागली. सकाळी पाठीवर सॅक, सॅकमध्ये तांदळाची पिशवी, आणि भगवतीच्या किल्ल्याचा चढ. पाहता पाहता तिच्या मागे मांडवीतल्या बायका जायला लागल्या. कोणी मासळी बाजाराला जायच्या आधी, कोणी पोरांचे डबे भरून. मुग्धाने सगळ्या तपासण्या करायला लावल्या, कुठेतरी नकार सापडेल या आशेने. सापडला नाही. रिपोर्ट हातात घेऊन मुलगी म्हणाली, “आई, तुझं हृदय माझ्यापेक्षा चांगलं आहे गं.” प्रमिलाने तो कागद घडी करून देवापुढे ठेवला.

मागच्या वर्षी उन्हाळ्यात ती निघाली. मी गेलो तिच्याबरोबर. का? घरी बसवलं नसतं म्हणून.

बलबीरच होता गाईड. केस पांढरे झालेले. त्याने तिला ओळखलं, तिचे दोन्ही हात हातात घेतले. मला नमस्कार केला, नेहमीचा.

आणि पुन्हा तो उतार आला. तसाच पांढरा, तसाच तिरका. मी पहिलं पाऊल टाकायच्या आधीच बाजूच्या खडकाला धरलं. प्रमिला थांबली. तिने माझ्याकडे पाहिलं, आणि मला दिसलं की ती परत यायची तयारी करतेय. कपाळाला हात लावायची. तो हात अर्धा वर गेलाच होता.

मी ओरडलो, “नाही! बलबीर, मुझे डर लग रहा है. मुझे. पहले भी मुझे ही लगा था. दीदी को ले जाओ.”

बलबीर म्हणाला, “मालूम है, सर.” एवढंच. मग तिला म्हणाला, “चलिए दीदी.”

ती गेली. मी खडकाला धरून बसलो आणि पाहत राहिलो. तिची लाल टोपी त्या पांढऱ्यावर एकेक पाऊल सरकत होती. मध्ये वारा उठला, बर्फाचा धुरळा उडाला, ती दिसेनाशी झाली. धुरळा बसला तेव्हा ती पलीकडे होती. मग शेवटचा उभा चढ. दोन पावलं, थांबा. दोन पावलं, थांबा. कोणी तिला ओढलं नाही, कोणी ढकललं नाही. आणि मग त्या खिंडीच्या खाचेत, निळ्याभोर आभाळासमोर, माझी बायको दोन्ही हात वर करून उभी राहिली!

तिने कुकारा घातला. सड्यावर एकीकडून दुसरीकडे हाक पोचवायला बायका घालतात तसा, लांब, सणसणीत. तो डोंगरांवर आपटून परत परत आला. खाली घोडेवाले उभे राहून बघायला लागले. मी एकटा खडकावर बसून रडत होतो, हसत होतो, टाळ्या वाजवत होतो. खाडीतून पोराला काढलं तेव्हाही मला इतका आनंद झाला नव्हता, हे शपथेवर सांगतो.

उतरून आली तेव्हा ओठ फुटलेले, नाक सोललेलं, आणि चेहऱ्यावर असं काही तेज की मला तिच्याकडे बघवेना. म्हणाली, “पलीकडे आणखी डोंगर हायत वो. संपतच नायत.”

मांडवीने तिची मिरवणूक काढली म्हणा ना. बायकांनी ओवाळलं, कोणी फुगडी घातली, मंडळाने सत्कार ठेवला. मीही पहिल्या रांगेत होतो. सूत्रसंचालन करणाऱ्या बाईने हसत विचारलं, “वहिनी, मागच्या वेळी चक्कर आली होती. या वेळी सरांनी काय जादू केली?”

सभागृह हसलं. प्रमिलाने माईक घेतला. मी डोळे मिटले. आता सांगेल, सांगू दे, असं मनाशी म्हटलं. ती म्हणाली, “मागच्या वेळी माझी तयारी नव्हती.”

आणि मी? बर्फावर एका परक्या माणसापुढे बोललो होतो, तर इथेही उठायला हवं होतं. इथे तर खाली दरीही नव्हती. मी बसून राहिलो. टाळ्या वाजवल्या.

म्हणून हे. प्रमिलाला चक्कर कधीच आली नव्हती. घाबरलो मी. खोटं मी बोललो, ते वाढवलं मी, आणि तिची वाट त्या खोट्याने मी अडवून ठेवली. इथवर लिहून उठलो आणि मुग्धाला फोन करून सांगितलं. तिने फोन ठेवून दिला. ते बरोबरच आहे.

हे लिहिलेलं प्रमिलाला वाचायला दिलं. ओट्यावर बसून चष्मा लावून तिने शेवटपर्यंत वाचलं. दारात बायका येऊन उभ्या होत्या. यंदा त्यांच्यातल्या सहाजणींना घेऊन ती निघणार आहे, त्यासाठी तालीम चालू आहे. बुटाची नाडी बांधता बांधता ती म्हणाली, “एक ऱ्हायलंय. पहिल्या वेळी खाली आल्यावर तुम्ही झोपलात. मी तंबूच्या मागे जाऊन खूप रडले. खिंड दिसत होती तिथून. ते लिहा.”

मला ते माहीत नव्हतं. मी तिला कधी विचारलंच नव्हतं.

ती सॅक चढवून बायकांमध्ये मिसळली. हसत, मोठ्याने बोलत त्या किल्ल्याच्या रस्त्याला लागल्या. मी आत येऊन तेही लिहिलं.