रिकामी येणारी बाटली

माझा स्वभाव मुळातच संशयी. दूधवाल्याने दूध ओतलं की मी भांडं उजेडात नेऊन बघते. नवरा म्हणतो, तू पोलिसात जायला हवी होतीस. तो मासेमारीच्या बोटीवर असतो, त्यामुळे घरात बहुतेक वेळा मी आणि सासूबाईच. मी मशीनवर ब्लाउज शिवते आणि सासूबाई रत्नागिरीच्या बाजारात मासळी विकायला बसतात. माझ्या लग्नाच्या आधीपासून त्यांची जागा एकच, पत्र्याच्या शेडच्या अगदी कडेला. सकाळी तिथे सावली असते, नंतर ऊन थेट अंगावर. शेजारी त्यांची जुनी मैत्रीण बसायची. शिमगा झाल्यावर ती नातवंड सांभाळायला मुंबईला मुलाकडे गेली, तेव्हापासून सासूबाईंचं बोलणंही कमी झालं होतं.

गेल्या उन्हाळ्यात उकाड्याने कहर केला. आमच्याकडे घाम सुकतच नाही, अंगावर तसाच चिकटून राहतो. मोबाईलवर रोज इशारा यायचा: उष्णतेची लाट आहे, भरपूर पाणी प्या, भर दुपारी बाहेर पडू नका. मी तो सासूबाईंना वाचून दाखवला.

"भायेर पडू नको, तर गिऱ्हाईक काय मासळी न्यायला घरात येणार हाय?" त्या म्हणाल्या.

तेही खरंच. मग मी माझ्यापुरता नेम केला. रोज सकाळी मोठी बाटली भरायची, ओल्या फडक्यात गुंडाळायची आणि त्यांच्या पिशवीत ठेवायची. बाटली रोज रिकामी परत यायची. दुसरी कुणी असती तर तिचं समाधान झालं असतं.

माझं होईना. एवढं पाणी प्यालेली बाई घरात शिरताच तांब्याभर पाणी एका दमात कशी पिते? दुपारी आडव्या झाल्या की त्यांच्या पायांत गोळे यायचे. डोकं दाबून धरायच्या. त्यातच एक दिवस ओट्यावर वाटीत भिजत घातलेले धणे दिसले. धण्याचं पाणी कशासाठी ते मला चांगलं ठाऊक होतं. लघवीला जळजळ होत असली की आमच्याकडे तेच पितात.

"आई, बाजारात पाणी पिता ना?"

"बाटली बघ की! हाय काय थेंब तरी?"

बाटली इतक्या तत्परतेने माझ्यापुढे आली की माझी खात्रीच पटली. काहीतरी लपवत होत्या.

दुसऱ्या दिवशी मी पाण्यात साखर आणि चिमूटभर मीठ घातलं आणि त्यांना सांगितलं नाही. थोडी ताकद येईल हा एक विचार, आणि दुसरा अर्थातच पाळत ठेवण्याचा. पाणी प्यायल्या तर घरी आल्यावर मला बोलल्याशिवाय राहणार नाहीत. 'पाण्यात काय घातलंस गो?' एवढं तरी नक्की येईल.

त्या आल्या, रिकामी बाटली ठेवली, तांब्याभर पाणी प्यायल्या आणि झोपल्या. अवाक्षर नाही.

मासळीवर झाकायचं ओलं गोणपाट त्या रोज कुंपणावर टाकतात. संध्याकाळी ते घडी करायला गेले तर हाताला चिकट लागलं. लाल मुंग्यांची एक रांग त्याच्यावर चढत होती. मासळीलाही मुंग्या लागतात, नाही असं नाही. पण मी मी आहे. मी बोट गोणपाटावर घासलं आणि जिभेला लावलं. मासळीच्या त्या वासातही गोड चव लपली नाही.

मला रडूच आलं, आणि रडण्याहून जास्त राग आला. लग्न होऊन आले त्या वर्षी मी घासलेली भांडी त्या मुकाट्याने पुन्हा विसळायच्या. मला ते आठवलं. म्हणजे अजूनही माझ्या हातचं पाणी चालत नाही? पाटीतल्या बांगड्यांना चालतं, यांना नाही? रात्रभर मी एकेक जुनी गोष्ट उकरत होते, आणि प्रत्येक गोष्ट माझ्या संशयात चपखल बसत होती.

सकाळी त्यांच्या मागोमाग बाजारात गेले. समोरच्या आंबेवाल्याच्या पेट्यांआड उभी राहिले. ऊन कडेपर्यंत आलं, मग त्यांच्या मांडीवर, मग डोक्यावर. त्यांनी बाटली काढली, इकडेतिकडे पाहिलं आणि सगळं पाणी गोणपाटावर ओतलं. पकडलंच! पुढे होऊन काय बोलायचं ते मी मनात जुळवत होते, तेवढ्यात त्या एका गिऱ्हाइकाला सौंदाळे द्यायला उठल्या आणि उठता उठता त्यांनी खांब धरला. तोंड पांढरं पडलं होतं. मासळी हातातून खाली पडली.

जुळवलेलं सगळं तिथेच राहिलं. मी धावले. आंबेवाल्याने आणि मी त्यांना धरून आत सावलीत बसवलं. पदर भिजवून मानेवर ठेवला, पुठ्ठ्याने वारा घातला. त्यांना बरं वाटू लागल्यावर आंबेवाल्याच्या बाटलीतलं पाणी घोट घोट पाजलं. पहिले काही घोट घेतले आणि त्यांनी तोंड फिरवलं.

"पुरे."

"माझ्या हातचं म्हणून?" मी विचारलंच.

त्यांनी चमकून माझ्याकडे पाहिलं. मग मान खाली घालून अगदी हळू म्हणाल्या, "येडी हायस काय? पियालं की जावा लागतं. तिकडच्या संडासाच्या दाराला कडी नाय. शेजारी ती होती तवर ती दार धरायची, मी तिचा धरायची. आता दार धराया कोण हाय मला?"

"दुसऱ्या कुणाला सांगायचं होतं."

"त्या तरण्या पोरी. हसतील. आणि तुला तरी काय सांगायचं? लाज वाटते गो."

इतके दिवस मी ज्या ज्या गोष्टीवर संशय घेतला होता, त्यांत ही नव्हतीच. मी त्यांना उरलेलं पाणी पाजलं. पाटी आंबेवाल्याच्या नजरेखाली ठेवली आणि हात धरून त्यांना शेडच्या मागच्या टोकाला घेऊन गेले. दार खरंच आपोआप उघडत होतं. त्या आत गेल्या आणि मी दाराला पाठ लावून उभी राहिले. जाणाऱ्या येणाऱ्या प्रत्येक पुरुषाकडे मी अशी बघत होते की दोघांनी तर रस्ताच बदलला.

"हायस ना गो?" आतून आवाज आला.

"आहे."

थोडा वेळ गेला. पुन्हा, "हायस ना?"

"आहे आई. कुठे जाणार?"

मग पाणी ओतल्याचा आवाज आला. मी दारापासून सरकणार, तोच दाराच्या अगदी जवळून त्यांनी विचारलं, "उद्या येशील?"

"येईन. रोज येईन."

माझ्या बोलण्यावर विश्वास ठेवायचं त्यांनी बहुधा ठरवलं.

"मग आजच्यासारखी गोणपाटावर ओताया नको," त्या आतून म्हणाल्या. "उद्या बाटली पियाला भर."