मिटू न दिलेली फुलं

सुजाताच्या नवऱ्याचा, मिलिंदचा फोन आला तेव्हा मी ऑफिसच्या मीटिंगमधून नुकतीच बाहेर पडले होते. "नीला, सुजाता गेली. सकाळी बागेतून आत आली, हात धुतले, चहाचं पाणी ठेवलं, आणि खुर्चीवर बसली ती..." मी पोचले तोवर त्यांच्या घरात बरीच माणसं जमली होती. कुणी चहा करत होतं, कुणी नागपूरला फोन लावत होतं. स्वयंपाकघराच्या खिडकीत जॅमच्या बाटलीत तिने सकाळी तोडून आणलेली केशरी फुलं होती, टवटवीत, पूर्ण उमललेली. संध्याकाळ झाली तशी ती एकेक करून मिटायला लागली. कॅलेंड्युलाचं हे फूल उजेड गेला की मिटतं, हे मला तिच्यामुळेच माहीत होतं, तरी त्या दिवशी ते बघवेना. ज्या हातांनी ती तोडली ते हात थंड पडले होते आणि फुलांचं आपलं रोजचं चाललेलं होतं. मिलिंद उठला आणि त्याने वरचा दिवा लावला. अंधार झाला म्हणून लावला असेल, असं मला वाटलं.

सुजाताची आणि माझी ओळख या फुलांनीच करून दिली. ग्लासगोला आम्ही नवीन होतो, मी सांगलीची, नवऱ्याच्या नोकरीपायी आलेली, आणि इथल्या करड्या आभाळावर मनापासून चिडलेली. बस स्टॉपकडे जाताना एका घरापुढे केशरी रंगाचा पट्टा दिसला आणि मी थबकले. मरून अनोरॅक, म्हणजे टोपीचं पावसाळी जाकीट, घातलेली एक बाई वाकून काहीतरी खुडत होती. "झेंडू?" मी चक्क मराठीत विचारलं. ती मान वर करून म्हणाली, "झेंडू कुठला बावा इथं! हा त्याचा थंडीतला चुलतभाऊ. काहून उभी राहिली पावसात? ये ना आत." अशी ती नागपूरची. हॉस्पिटलच्या लॅबमध्ये नोकरी करायची आणि तिथल्याच शिस्तीने बाग सांभाळायची. खरा झेंडू तिने आधी लावून पाहिला होता, नागपूरहून बी आणून. अर्धी रोपं गोगलगाईंनी फस्त केली, उरलेल्यांना कळ्या आल्या आणि पाठोपाठ गोठलेलं दहिवर पडून ती करपली. इथला उन्हाळा म्हणजे आला आला म्हणेपर्यंत गेलाच. कॅलेंड्युलाला मात्र गारवा मानवतो. मी वास घेऊन नाक मुरडलं, "झेंडूसारखा नाही वास." "मग जा सांगलीला," ती म्हणाली. त्या दिवसापासून आमची गट्टी जमली.

एप्रिलमध्ये तिच्या खिडक्यांमध्ये दह्याचे रिकामे डबे मांडलेले असत, त्यात आकड्यासारखं वाकडं बी पेरलेलं. मेअखेरीला रोपं बाहेर जात. पण तिची खरी पेरणी जूनच्या शेवटाची. इथली माणसं तेव्हा उन्हात लोळायच्या तयारीत असतात आणि ही बाई ऑक्टोबरची काळजी करत मातीत हात घालून बसलेली. "आता नाही पेरलं तर दसऱ्याला काय प्लॅस्टिकची माळ लावशील?" माझ्या दाराला तोरण हवं असायचं. ती बौद्ध, तिला त्याच दिवशी धम्मचक्र प्रवर्तन दिनासाठी बुद्धमूर्तीपुढे ठेवायला फुलं हवी असायची. भाड्याच्या हॉलमध्ये त्यांची मंडळी जमत, आधी वंदना, मग जेवण. एका वाफ्याची फुलं, त्याचे दोन वाटे. टपोरी फुलं ती स्वतःच्या वाट्याला काढायची आणि मी कुरकुरले की म्हणायची, "तुझ्या दाराकडे पोस्टमनशिवाय बघते कोण?"

पहिल्या वर्षी मी आपल्या रीतीप्रमाणे आदल्या संध्याकाळीच तोरण ओवून दाराला टांगलं. सकाळी बघते तर सगळी फुलं मिटलेली, दोरीवर नुसत्या हिरवट गाठी. ऑक्टोबरातली इथली सकाळ, उजेडाचा पत्ता नाही. मी रडवेली होऊन तिला फोन केला. ती पोट धरून हसली आणि मग तिने आपली युक्ती सांगितली. तोडलेली फुलं पाण्यात घालून रात्रभर स्वयंपाकघरातल्या दिव्याखाली ठेवायची. त्यांना वाटतं दिवस मावळलाच नाही. पहाटे ओवायला घ्यावीत तर बऱ्यापैकी उघडी असतात. "फसवायचं त्यांना, एकच दिवस. रोज नाही हं फसवायचं." त्यानंतर दरवर्षी दसऱ्याच्या आदल्या संध्याकाळी त्यांचा तो दिवा लागायचा, आणि बसमधून तो दिसला की मला सण आल्यासारखं वाटायचं.

दुसरं तिचं व्रत म्हणजे खुडणं. कॅलेंड्युलाची सुकलेली फुलं काढली नाहीत तर त्यांत बी धरतं, आणि बी झालं की झाडाला वाटतं आपलं काम संपलं. "रिटायर होतं ते. होऊ द्यायचं नाही." तिच्या हातमोज्याचा अंगठा कापलेला होता, नखाने खुडता यावं म्हणून. त्या देठांचा चिकट, कडसर वास तिच्या बोटांना कायम यायचा. तिने दिलेल्या कपाला यायचा, तिच्या फोनला यायचा. ती गेल्यावर आठवडाभराने मी एक जुनी पिशवी उघडली आणि त्यातून तो वास आला. मी तिथेच जमिनीवर बसून रडले.

ती गेली तेव्हा जूनची पेरणी नुकती फुलायला लागली होती आणि दसरा महिन्यावर आला होता. मी म्हटलं, खुडायला मी येत जाईन. मिलिंद एकदम तुटकपणे म्हणाला, "बागेला कोणी हात लावायचा नाही." मी घरी आले. पण बसमधून रोज दिसायचं, फुलं सुकतायत, बी धरतायत, कळ्या कमी होतायत. आणखी एक गोष्ट दिसायची. स्वयंपाकघरातला दिवा. सकाळी जाताना चालू, संध्याकाळी येताना चालू. शेवटी एका शनिवारी मी कात्री घेऊन त्याच्या दारात उभी राहिले.

"तिने जशी सोडली तशी राहू देत," तो म्हणाला.

"तशी राहत नाहीयेत ना रे! हे असंच चाललं तर दसऱ्याला एक फूल उरणार नाही. तिने कशासाठी पेरली होती, तुला माहीत नाही का?"

माझा आवाज चढला होता. तो मला स्वयंपाकघरात घेऊन गेला. खिडकीत तीच जॅमची बाटली होती. पाणी आटून गेलेलं, आणि फुलं वाळलेली, पण उघडी. पाकळ्या सगळ्या पसरलेल्या. वर दिवा जळत होता.

"त्या दिवशी मिटायला लागली होती ना... मला तिचं ते आठवलं. दिवा लावला, तर थोडी उघडी राहिली. मग बंद करायची हिंमत होईना. मिटली आणि परत उघडलीच नाहीत तर? आता वाळली आहेत, ते मला कळतं गं. पण हात जात नाही."

मी कात्री पिशवीत टाकली, खुंटीवरचा तो अंगठा कापलेला मोजा काढला आणि त्याच्या हातात दिला. "मी नाही खुडत. तू खुड," एवढंच म्हणाले आणि घरी आले.

दोन-तीन दिवसांनी भर पावसात बस त्यांच्या घरावरून गेली आणि मी सीटवरून अर्धी उठले. मरून अनोरॅक, डोक्यावर टोपी ओढलेली, पाठ तशीच वाकलेली, हात तसाच झाडाझाडावरून फिरणारा... मी "सुजाता!" म्हणून ओरडले, सगळ्या बसने वळून पाहिलं. मग त्या आकृतीने मान वर केली. मिलिंद होता. दाराशी जे टांगलेलं होतं ते घालून बाहेर आलेला. ती नाही हे समजायला जो एक क्षण लागला, त्या क्षणापुरती ती होती, असं मला अजून वाटतं.

दसऱ्याच्या सकाळी मी गेले तेव्हा बाहेर पुरतं उजाडलं नव्हतं. ओट्यावर दिव्याखाली दोन पातेली होती, फुलांनी भरलेली. दोन वाटे. टपोरी फुलं त्याने त्यांच्याच वाट्याला ठेवली होती, हे बघून मला हसू आलं आणि रडूही. हॉलवर त्याला एकट्याला जायचं होतं, ती फुलं बुद्धमूर्तीपुढे ठेवायला. बाहेर पडताना तो खिडकीशी थांबला, त्या वाळल्या फुलांकडे पाहिलं आणि म्हणाला, "पुरे झालं. तिला हे आवडलं नसतं." आणि त्याने बटण बंद केलं.

ती जॅमची बाटली आता माझ्याकडे आहे. मीच मागून घेतली. दहिवर पडायला लागलं तरी तिच्या वाफ्यात अजून एखादं फूल येतं, मिलिंद ते आणून देतो, मी बाटलीत ठेवते. हल्ली चार वाजताच अंधारून येतं. पाकळ्या हळूच आत वळायला लागतात. तिने बजावलं होतं, रोज फसवायचं नाही. मिलिंदला जमलं, मलाही जमायला हवं. मी रोज ठरवते, आज त्यांना मिटू द्यायचं... आणि उठून दिवा लावते.