बोर्डावरची मधली खुर्ची

अक्का गेल्याचा फोन आला तेव्हा मी कणीक मळत होते. पिठाच्या हातानंच रिसीव्हर उचलला. जळगावजवळच्या असोद्याहून तिची सून बोलत होती. "मावशी, आई गेल्या. सकाळी चहा मागितला, आणि चहा आणेपर्यंत…" मी नुसतं "बरं" म्हणाले. बावीस वर्षं टेलिफोनवर बोलून पोट भरलेल्या बाईला त्या वेळी दुसरा शब्द सुचला नाही. याला आता सहा आठवडे झाले. धुळ्यात मी तशी एकटीच असते, पण घर एवढं गप्प पूर्वी कधी वाटलं नव्हतं.

ट्रंक कॉलचे दिवस आठवणारे वाचक अजून असतील. फोन बुक करायचा, मग तासभर वाट बघत बसायचं. धुळ्याच्या एक्सचेंजमध्ये दिवसपाळीला फोन जोडायच्या बोर्डावर आम्ही तिघी होतो. मी सगळ्यात झपाट्याची. एका हातानं कॉर्ड खुपसायची, दुसऱ्या हातानं कॉलची चिठ्ठी लिहायची, आणि तीन मिनिटं झाली की "वेळ संपली" म्हणून मोकळी व्हायची. दुसरी रेहाना. वडील शिंपी, म्हणून की काय तिचं सगळं मापात. गावोगावचे नंबर तिनं एका वहीत टाचून ठेवले होते आणि त्या वहीला कुणी हात लावलेला तिला खपत नसे. तिसरी अक्का, आमच्याहून बारा वर्षांनी मोठी. मूळची असोद्याची, नवऱ्याच्या नोकरीमुळे धुळ्यात आलेली. ती बोर्डावर बसली की बैलगाडी निघाल्यासारखं वाटायचं. खेड्यावरच्या माणसाला आधी "काय शे भाऊ, दमानं सांगा" म्हणायची, मग त्याच्या घरचं सगळं ऐकून घ्यायची. मी करवादले की हसायची. "तुले येवढी घाई कशाची असते गं?"

जळगावकडे जाणाऱ्या लाइनी मोजक्या. अक्का एक धरून बसली की माझे कॉल खोळंबायचे, आणि शिव्या मी खायची. एके दिवशी मी एकटीच साहेबांकडे गेले आणि सांगितलं, अक्कांमुळे काम अडतं. पुढच्या सोमवारी अक्काला मागच्या खोलीत बसवलं, जुन्या चिठ्ठ्या तारखेवार लावायला. डबा मात्र आमच्यातच येऊन खायची. शेवेची भाजी आणली की आधी माझ्या ताटलीत वाढायची. मी ती घाईघाईनं संपवून बोर्डावर परत जायची.

बोर्ड आता झपाट्यानं चालू लागला. म्हणजे मला तसं वाटत होतं. मग एका दुपारी पिंपळनेरच्या पोस्टातून एकाचा फोन आला. "माय बिमार शे. भाऊ जळगावले शे, डाळनी मिलमा." मी म्हणाले, नंबर सांगा. तो पुन्हा तेच. मी पुन्हा नंबर. तिसऱ्यांदा मी कॉर्ड ओढून फोन तोडला. त्यानं परत फोन लावला तेव्हा रेहाना शांतपणे म्हणाली, "अगं, त्याला नंबर माहीतच नाही. माहीत आहे तेवढंच सांगतोय तो." आणि उठून सरळ मागच्या खोलीतून अक्काला घेऊन आली.

अक्कानं माझाच हेडसेट डोक्याला लावला. "तुमना भाऊ कोठे काम करस? मिलनं नाव नई माहीत? बरं, तो घर वना का काय सांगस?" भाऊ घरी आल्यावर काय काय सांगतो ते विचारत विचारत कळलं की मिल रेल्वे फाटकाजवळ आहे आणि मालकाला सगळे नाना म्हणतात. रेहानानं वही उघडली. फाटकाजवळच्या तीनच मिल होत्या, त्यांतल्या एकीच्या नंबरापुढं 'नाना' असं लिहिलेलं होतं. लाइन मात्र एकही मोकळी नव्हती. ते काम माझं. जळगावच्या ऑपरेटरशी मी अशी भांडले की तिनं हातातला कॉल बाजूला ठेवून मला लाइन दिली. भाऊ फोनवर आला. दोघं भाऊ बोलत होते आणि आम्ही तिघी एकमेकींकडे न बघता बसून होतो. मी तिथं एकटी असते तर त्या माणसाचा फोन तीनदा तोडून मोकळी झाले असते.

दुसऱ्या दिवशी मी अर्ज लिहिला, अक्कांना बोर्डावर परत घ्यावं. रेहानानं सही केली. अक्का परत आली ती मधल्या खुर्चीवर. कुणी ठरवलं नाही, पण अडलेलं, घाबरलेलं माणूस तिच्याकडे, नंबर रेहानाकडे आणि लाइन ओढून आणायची माझ्याकडे, असंच पुढं चाललं. नंबर फिरवला की सरळ फोन लागायला लागले आणि बोर्ड निघाला, तोवर.

साहेबांकडे केलेल्या तक्रारीचं मी तिला कधीच सांगितलं नाही. उद्या सांगू म्हणत राहिले. ती रिटायर होऊन असोद्याला गेली. तिथंही दोनदा जाऊन आले, केळ्याचे वेफर्स घेऊन परत आले. दहाव्याला गेले तर सून चारचौघींत म्हणाली, "याच त्या. यांनी अर्ज करून आईंना परत आणलं. आई सगळ्यांना सांगायच्या." मी मान खाली घालून चहा प्यायले…

परवा धीर करून असोद्याला फोन लावला आणि सुनेला सगळं सांगितलं. ती लगेच म्हणाली, "जाऊ द्या मावशी, किती वर्षं झाली त्याला. आईंनी मनात धरलं नसतं." एका मिनिटात माफी मिळाली. फोन ठेवला आणि मला रडू कोसळलं. कारण अक्कानं मला इतक्या लवकर सोडलं नसतं. तिनं विचारलं असतं, "काहून केलं गं तसं?" मी खोळंबलेल्या कॉलचं सांगितलं असतं. तेवढ्यानं तिचं भागलं नसतं. मग मला म्हणावं लागलं असतं की लोक तुझ्याशी बोलायचे अक्का, माझ्याशी कुणी बोलत नसे. आणि ते माझ्या तोंडून येईपर्यंत ती लाइन धरून बसली असती.