पहिली फोड

"थांबा. आधी मी पाह्यतो."

एवढं म्हणून भाऊ संत्र्याच्या देठाशी अंगठा रोवायचे, साल उतरवायचे, पहिली फोड स्वतःच्या तोंडात टाकायचे आणि डोळे मिटून चघळत राहायचे. गिऱ्हाईक ताटकळत उभं. मग डोळे उघडून म्हणायचे, "हां, आता घ्या." नाहीतर फळ बाजूला सारून, "हे नोका घेऊ, दुसरी टोपली पाहू." मोठमोठे व्यापारी त्यांच्यापुढे शाळेच्या निकालाला उभं राहिल्यासारखे उभे असायचे.

तुमच्या बाजारातही असा एखादा माणूस असेल. आमच्या अमरावतीत, इतवाऱ्यात, तो हा होता. मूळचे शेंदूरजनाघाटचे. घरच्या संत्र्याच्या बागा भावांवर सोपवून त्यांनी इथे फळांची अडत टाकली होती. मी सकाळी शाळेत शिकवायचो आणि दुपारी त्यांची इंग्रजी पत्रं लिहून द्यायचो. ते मला मास्तर म्हणायचे, सारा इतवारा त्यांना भाऊ म्हणायचा.

वऱ्हाड तेव्हा मध्यप्रांतात होतं आणि राजधानी नागपूर. तिथे विमानं उतरू लागली होती. एका विमान कंपनीला अमरावतीत तिकिटं विकायला एजंट हवा होता. कंपनीचं नाव सांगत नाही, ती आता राहिलीही नाही. तिचा माणूस गावभर फिरला आणि भाऊंच्या अडतीत येऊन थांबला, कारण भाऊंकडे टेलिफोन होता आणि मोठा वजनकाटा होता. त्या काळी विमानात बसणाऱ्याचं सामानासकट वजन करत, आणि ते आदल्या दिवशी नागपूरला कळवावं लागे. संत्र्यांच्या काट्यावर माणसं उभी राहू लागली ती अशी.

काय मजा यायची म्हणून सांगू! काळा कोट घातलेले वकीलसाहेब काट्यावर श्वास रोखून उभे, आणि भाऊ काटा पाहून गंभीरपणे म्हणताहेत, "साडेतीन टोपल्या झाले, साहेब. वरतं फळ ठेवायले जागा नाई." वजन ते खडूनं दाराच्या फळीवर लिहायचे, पुढे नाव. माणूस सुखरूप पोचल्याचा फोन नागपूरहून आला की ओल्या फडक्यानं ती ओळ पुसायचे. माझ्याकडे कागद होते, रजिस्टर होतं, पण भाऊंचा विश्वास त्या फळीवर.

एजंटाला वर्षातून एकदा फुकट बसण्याचा पास मिळे. भाऊंनी तो कधी वापरला नाही. एका वर्षी संत्र्याच्या मृगबहाराचं निमित्त, दुसऱ्या वर्षी बायकोच्या गुडघ्याचं, तिसऱ्या वर्षी श्रावणाचं. खरं कारण सगळ्यांना ठाऊक होतं. भाऊंना बागेतल्या शिडीच्या चौथ्या पायरीवर गरगरायचं.

मी एकदा त्यांना छेडलं, "भाऊ, संत्रं चाखल्याबिगर इकत नाई तुमी, अन् इमान बिनचाखता इकता होय?"

ते खो खो हसले. मीही हसलो. तेव्हा हसण्यासारखंच होतं ते.

मग त्या कंपनीचं एक विमान पडलं. वर्तमानपत्रात पहिल्या पानावर तुटलेल्या पंखाचा फोटो, आठवडाभर रोज काहीतरी नवीन. चहाच्या दुकानात जो तो इंजिनाचा जाणकार झाला. ज्यांनी तिकिटं काढली होती त्यांतले निम्मे परत करून गेले.

याच दिवसांत अकोल्याचा एक तरुण आला. घरची काळ्या मातीची शेती, पण पोरगा शिकलेला. कलकत्त्याला नोकरीची मुलाखत होती आणि पत्र हाती पडायला उशीर झाला होता. रेल्वेनं वेळेत पोचणं शक्य नव्हतं. काट्यावर चढताना तो थांबला. त्यानं विचारलं, भाऊ, परवाच एक पडलं म्हणतात, जाऊ ना?

"काई होत नाई," भाऊ म्हणाले. "रेलगाडी पडत नाई काय? बिनघोर बसा."

त्यानं माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली. हे मी आजवर कोणाला सांगितलेलं नाही, आज सांगतो. मीही मान हलवली होती.

भाऊंनी खडूनं लिहिलं, एकशे अठरा पौंड, आणि पुढे त्याचं नाव. ती ओळ पुसायचा फोन आलाच नाही. त्या विमानातलं कोणीही वाचलं नाही.

तीन दिवस भाऊ अडतीत फळीकडे पाठ करून बसले. चौथ्या दिवशी म्हणाले, "चला मास्तर, अकोल्याले." बडनेऱ्याहून गाडीत बसलो. मुर्तिजापूरला मी चहा घेतला, त्यांनी नाही.

त्या पोराचे वडील ओसरीवर बसले होते. सत्तरीचे, अंगात बंडी, समोर पाण्याचा तांब्या. आम्ही कोण ते कळल्यावर त्यांनी घोंगडी पुढे सरकवली. मला वाटलं होतं, शिव्या देतील, हाकलून देतील. दिल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी एवढंच विचारलं की, जाताना पोरगा काय म्हणाला?

भाऊंनी काही लपवलं नाही. म्हणाले, तो भीत होता. त्यानं मला विचारलं. मी म्हटलं, बस.

म्हाताऱ्यानं सरळ भाऊंकडे पाहिलं.

"तुमी कधी बसले काय त्याच्यात?"

"नाई," भाऊ म्हणाले.

म्हाताऱ्यानं तांब्या उचलून भाऊंच्या ओंजळीत पाणी ओतलं. अर्धं त्यांनी प्यायलं, अर्धं खाली सांडलं. मग आम्ही उठलो.

मी मस्करीत विचारलं होतं तेच त्या बापानं विचारलं. परतीच्या गाडीत भाऊ फक्त एक वाक्य बोलले, "मास्तर, तुमी त बरोबरच म्हन्लं होतं." मला गाडीतून उडी मारावीशी वाटली.

त्यानंतर भाऊंनी कोणाला "बिनघोर बसा" म्हटलं नाही. कंपनीचं पत्र आलं, त्यात लिहिलं होतं की प्रवाशांना धीर द्यावा, सगळी विमानं तपासून घेतली आहेत. मी ते मराठीत वाचून दाखवलं, त्यांनी घडी करून खिळ्याला टोचून ठेवलं. कोणी विचारलंच, जाऊ का, तर सांगायचे, दोन पडले, त्यातल्या एकात मी बसवलेला पोरगा होता, आता तुम्हीच काय ते ठरवा. असं सांगितल्यावर कोण बसतो? भाऊंच्या घरून, माझ्याकडून, सगळ्यांकडून एकच म्हणणं की सोडा ती एजन्सी. ते हो म्हणायचे आणि सोडायचे नाहीत. फळीवरची एकशे अठराची ओळ तशीच होती. झाडणारी बाई तेवढी जागा सोडून फडकं मारायची.

भादव्यात एका सकाळी पार्बताबाई आली. तिला आम्ही सगळे ओळखत होतो. गावाबाहेर तिचा शेवंतीचा आणि भाजीचा मळा होता आणि इतवाऱ्यात तिचं फुलांचं बसणं. नवरा कधीच गेलेला, एकच मुलगा, तो फौजेत. तिच्या हातात तार होती. दोघातिघांकडून वाचून घेतलेली असणार, तरी माझ्यापुढे धरली. दिल्लीच्या लष्करी दवाखान्यातून आलेली. मुलगा अत्यवस्थ आहे, ताबडतोब या.

रेल्वेनं ती परवा पोचणार होती. विमानानं उद्या दुपारी. भाड्याची सोय ती करून आली होती. कशी केली, ते मी विचारलं नाही, तुम्हीही विचारू नका.

"भाऊ, इमान पडते म्हन्ते लोक. खरं हाय?"

"खरं हाय बाई. दोन पडले."

"रेलनं गेली त पोरगं भेटन का मले?"

भाऊंनी माझ्याकडे पाहिलं. मी तारेकडे पाहिलं. "भरवसा नाई," ते म्हणाले.

"मंग बसू का नोको बसू?"

ती रागानं विचारत नव्हती, रडतही नव्हती. भाजीचा भाव विचारावा तसं तिनं विचारलं. भाऊंनी बस म्हणावं तर फळीवरची ओळ समोर. नको म्हणावं तर एक आई आपल्या पोराला मुकते.

"मले नाई सांगता येत, बाई," शेवटी ते म्हणाले.

"तुमी इकता. तुमाले नाई त कोनाले येईन?"

भाऊ उठले. गल्ल्याखालचा खण ओढला, त्यातून त्या वर्षीचा पास काढला, धोतरावर पुसला आणि माझ्यापुढे ठेवला. मग वहाणा काढून स्वतः काट्यावर जाऊन उभे राहिले.

"मास्तर, माहं वजन पाहा. मीबी येतो."

पार्बताबाई गोंधळली. "तुमचं कोन हाय दिल्लीले?"

"कोनी नाई," भाऊ म्हणाले.

ती फळी मी त्या दिवशी पहिल्यांदा लिहिली. एकशे अठराच्या खाली पार्बताबाई, ब्याण्णव. तिच्या खाली भाऊ, एकशे चौसष्ट. माझं अक्षर शाळेतल्या फळ्यावर कधी बिघडलं नाही, तिथे बिघडलं.

बाई घरी बोचकं बांधायला गेल्यावर मी भाऊंना आडोशाला घेतलं. म्हटलं, हा काय वेडेपणा? तुम्ही बसल्यानं विमान पडायचं थांबणार आहे का? एक फोड गोड निघाली म्हणून टोपली गोड निघते का?

"नाई निंघत," ते म्हणाले. "चाळीस वर्षं झाली मले ते समजते. पन तिले एकटीले नाई बसवत मी."

भाऊंच्या घरी वहिनींनी भाकरी आणि ठेचा बांधून दिला. शिदोरीची गाठ तीनदा सोडून तीनदा बांधली. दुपारच्या गाडीनं दोघं नागपूरला गेले.

दुसऱ्या दिवशी मी शाळेत गेलोच नाही. टेलिफोनपुढे बसून राहिलो. आयुष्यात देव फारसा आठवला नाही, त्या दिवशी कोंडेश्वरापासून अंबादेवीपर्यंत सगळे आठवले. दुपार कलल्यावर फोन वाजला, पोचले. मी फडकं ओलं केलं, त्या दोन ओळी पुसल्या आणि तिथेच भिंतीला टेकून रडलो.

पोरगा शुद्धीवर होता. त्यानं आईला ओळखलं. संध्याकाळपर्यंत तिच्याशी बोलला, मळ्यातल्या विहिरीला पाणी किती आहे ते विचारलं. पहाटे गेला. रेल्वे तेव्हा अजून वाटेत होती.

भाऊंनीच तिथलं सारं केलं. परत येताना पार्बताबाईजवळ अस्थी होत्या आणि तिला गाडीनंच यायचं होतं, म्हणून दोघं गाडीनं आले. मी बडनेऱ्याला गेलो होतो. बाईला तिच्या भावाच्या हवाली केलं तसे भाऊ फलाटावरच थांबले.

"मास्तर, अकोल्याची गाडी कितीले हाय?"

त्याच ओसरीवर, त्याच घोंगडीवर आम्ही बसलो. भाऊंच्या अंगावर चारपाच दिवसांचे कपडे, दाढी वाढलेली. भाऊंनी पाणीसुद्धा घेतलं नाही, आधी बोलले.

"दादाजी, मी बसून आलो."

म्हातारा हळूच म्हणाला, "कसं वाटते?"

"भेव वाटते. लय भेव वाटते. तुमच्या पोरालेबी वाटलं असन, मी खोटं नाई सांगत. पन ढगाच्या वरतं गेलं का खाली सारा कापूस पसरल्यासारखा दिसते. अन् वरतं ऊन. आपल्याइकडे पानी पडून राह्यलं होतं, अन् तिथं मस्त कोरडं ऊन. त्यानं ते पाह्यलं असन, दादाजी."

"ऊन होतं?"

"होतं."

म्हाताऱ्यानं धोतराच्या सोग्यानं डोळे पुसले. आतल्या बाजूला तोंड करून थोरल्या सुनेला सांगितलं, पाहुण्यांचं पान वाढा. आम्ही त्या घरी जेवलो.

भाऊंनी पुढच्याच महिन्यात एजन्सी कंपनीला परत केली. अडत मात्र शेवटपर्यंत चालवली. पाचसहा वर्षांनी साध्या तापाचं निमित्त झालं आणि ते गेले.

त्या दिवशी पार्बताबाई टोपलीभर शेवंती घेऊन आली. सगळी फुलं तिनं स्वतःच्या हातानं त्यांच्या अंगावर घातली. मग माझ्याशेजारी येऊन बसली. काहीतरी बोलायचं म्हणून मी म्हटलं, भाऊ धीराचे, एवढे भीत होते तरी तुमच्यासोबत वर गेले, ढग पाहिले, ऊन पाहिलं.

"कुठचं पाह्यते!" ती म्हणाली. "बसल्यापासून उतरेपर्यंत डोये घट्ट मिटून होता बिचारा. माहा हात असा धरला का दोन दिवस मनगट दुखलं. मीच सांगत होती, भाऊ, खाली पाहा, कापूस पसरल्यासारखं हाय, वरतं ऊन पडलं हाय. त्यानं काई डोये उघडले नाई."

मी भाऊंच्या तोंडाकडे पाहिलं. फोड चघळताना मिटायचे तसेच डोळे मिटलेले होते. अकोल्याच्या पोरानंतर या माणसानं न चाखलेली एक वस्तू दुसऱ्याच्या हातावर ठेवली, ती फक्त अकोल्याच्या त्या ओसरीवर.

अकोल्याचे दादाजी त्यानंतरही बरीच वर्षं होते. मी अधूनमधून जाऊन भेटायचो. नजर गेली होती, माणसं आवाजावरून ओळखायचे. माझा आवाज ऐकला की इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर दर वेळी विचारायचे, "मास्तर, वरतं ऊन होतं म्हन्ते ना?"

विमानात मी अजूनही बसलेलो नाही.

"होतं, दादाजी," मी म्हणायचो.