स्टीलच्या कडीचा दमा

माझ्या आत्याला घरात सगळे फुंकणी म्हणतात. तिने आयुष्यभर दिसेल त्या माणसाला श्वासाचा जोर मोजणाऱ्या नळीत फुंकायला लावलं. दूधवाला, विजेचं मीटर बघायला येणारा, शेजारच्या काकू, कुणीही सुटलं नाही. लग्नासाठी तिला पाहायला आलेल्या मुलालाही तिने चहाच्या आधी नळी दिली. काटा साडेसहाशेवर गेला. आत्या आत जाऊन आजोबांना म्हणाली, "फुप्फुसं उत्तम आहेत. बाकीचं तुम्ही बघून घ्या." तेच माझे आतोबा.

आत्या श्वसनाच्या औषधांवर संशोधन करते. अठरा वर्षं तिला एकच ध्यास होता: दम्यात आवळलेली श्वासनळी सैल करणारं नवं औषध. त्याची परीक्षा अशी असते. गिनीपिगच्या श्वासनळीची अंगठीसारखी बारीक कडी कापायची, कोमट खारट पाण्याच्या काचेच्या नळकांड्यात तळाच्या आकड्याला अडकवून दोऱ्याने टांगायची आणि दोऱ्याचं वरचं टोक ताण मोजणाऱ्या यंत्राला बांधायचं. एका द्रव्याने कडी आवळायची, मग औषध घालायचं. ताण उतरला, तर औषध चाललं.

सतरा औषधं चालली नाहीत. अठरावं असं चाललं की संचालक पेढ्यांच्या गोष्टी करू लागले. ताण एकाहत्तर टक्के उतरत होता. सोमवारच्या परिषदेत आत्याने ते मांडायचं, आणि मग तिला स्वतंत्र विभाग मिळायचा, असं ठरलं.

त्याआधीच्या बुधवारी आत्या चष्मा घरी विसरली. तिच्या सासूबाई तो घेऊन प्रयोगशाळेत आल्या आणि नळकांड्यापाशी थबकल्या.

"अगं, हा माझ्या डब्यातला दोरा ना?"

"हो आई. आमचा रेशमी संपला होता. तीन महिने झाले, सांगायचं राहिलं."

"दोरा गेल्याचं काही नाही गं. पण याला काही टांगतात का? फ्रॉकच्या कमरेला चुण्या घालायचा दोरा हा. आत इलॅस्टिक आहे, ताणून ठेवलं की हळूहळू सैल पडतं."

"मी ताणून बघितला होता. तुटत नव्हता."

"तुटेल कसा? ताणायलाच तर केलाय. तुला कुणी डॉक्टर केलं?"

आत्याने नोंदवही उघडली. औषधाशिवायचे प्रयोग तिने रेशमी दोऱ्यावर केले होते आणि औषधाचे सगळे इलॅस्टिकवर. वेळ वाचावा म्हणून त्या दिवसांत औषधाशिवायची कडी शेजारी टांगली नव्हती. तिने चाव्यांच्या जुडग्यातली स्टीलची कडी काढली, तशीच इलॅस्टिकने टांगली आणि पाण्यात औषध घातलं. वीस मिनिटांत ताण निम्म्याहून खाली आला.

"स्टीलला पण दमा होता वाटतं," सासूबाई म्हणाल्या.

संचालकांना कळलं तेव्हा त्यांनी आधी दार लावून घेतलं.

"बाई, निबंध छापून झालाय. दोरा कसला होता हे लोकांना काय कळणार?"

"सासूबाईंना कळलं की."

"त्या परिषदेला येणार आहेत का?"

"नाही सर. पण मी घरी जाणार आहे."

शेजारच्या इस्पितळातल्या सर्जनने टाके घालायचा रेशमी दोरा दिला. गुरुवार ते रविवार आत्या नळकांड्यासमोरून हलली नाही. या वेळी प्रत्येक औषधाच्या कडीशेजारी बिनऔषधाची कडी टांगलेली होती. आतोबा दोन वेळा डबा घेऊन आले आणि दोन्ही वेळा, आत्याने "आलाच आहात तर" म्हटल्यावर, नळीत फुंकून गेले. रविवारी आकडा आला: नऊ टक्के.

"नऊ?" संचालक म्हणाले. "एवढा तर माझा पट्टा जेवणानंतर सैल होतो."

सोमवारी आत्याने व्यासपीठावर पहिलंच चित्र लावलं ते स्टीलच्या कडीच्या आलेखाचं. सभागृह खदखदून हसलं. पाठोपाठ तिने तीन महिन्यांचे आकडे खोडून दाखवले, कारण सांगितलं आणि नवे नऊ टक्के मांडले. संचालक पहिल्या रांगेत आपले बूट बघत होते. विभागाचा विषय पुन्हा निघाला नाही.

चहाच्या वेळी मात्र एक पांढऱ्या केसांचे प्राध्यापक तिला खांबाआड घेऊन गेले. इकडेतिकडे बघत त्यांनी खिशातून दोऱ्याचा तुकडा काढला.

"बाई, आमच्याकडचं औषध गेली दोन वर्षं फारच छान चालतंय. जरा बघता का?"

आत्याने तुकडा उजेडात धरला, ओढला, सोडला.

"मला यातलं कळत नाही, सर," ती म्हणाली. "सासूबाईंचा नंबर देते. दुपारी दोन ते चार झोपतात, तेवढं सोडून कधीही लावा."

त्यांच्यामागे आणखी तिघे उभे होते. एकाच्या हातात तर अख्खं रीळ होतं.