आता मुलगा चालेल

शेजारच्या पेन्शनर मास्तरांच्या घरी कार्य निघालं की तयारी माझ्या गळ्यात पडते आणि घोटाळा मास्तर करतात. डोंगर दिसला की त्यांना राहवत नाही. नातवाच्या बारशालाही पाव्हण्यांना पानावर बसवून ते सगळ्या नातवंडांसकट भिवगडावर गेले होते.

परवा नातीला पाहायला कल्याणची मंडळी आली. कर्जत स्टेशनावर बैलगाडी धाडण्यापासून पाट मांडण्यापर्यंत सगळं मी नेमून दिलं होतं. मुलाचे वडील रीतीप्रमाणे म्हणाले, "मुलीला जरा चालून दाखवू दे." पोर खाली मान घालून ओटीवरून चालली.

मास्तर उठले. "छान. आता मुलगा चालेल."

सगळे हसले. मास्तरांनी खरोखरच काठी घेतली आणि मुलाला व वाट दाखवायला डोंगरातल्या एका ठाकराला घेऊन गडाची वाट धरली. इकडे जेवणं निवली, व्याह्यांचा पारा चढला. तिन्हीसांजेला, शोधायला धाडलेला गाडीवान सांगत आला, "पाव्हणं अर्ध्या वाटंत बसल्यात. पाय उचलत नाय. मास्तर वर गेलं." मंडळी मुलाला वाटेतूनच घेऊन रागारागानं स्टेशनावर गेली.

मास्तर परतताच मी कडाडलो, "हातचं स्थळ घालवलंत!"

"अहो भाऊ, पाय दुखले म्हणून वाट दाखवणाऱ्या ठाकरावर हात उगारला त्यानं. उद्या आमच्या पोरीवर उगारील."

चरफडत घरी आलो आणि माझ्या मुलीच्या ठरत आलेल्या स्थळाला निरोप धाडला: मुलाला एकदा पाठवा, पायांत चांगल्या वहाणा घालून.